जमादाराचं वर्गसमीकरण

वाचायला मी शाळेत नाही, पत्रकांवर शिकले. बाबांचा एका खोलीचा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या लाकडी कप्प्यांत शिशाच्या अक्षरांचे खिळे, आणि शाईचा वास, जो आमच्या भातालाही यायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं ही पोटासाठी. पत्रकं मात्र, आईच्या शब्दांत, "घराचं वाटोळं करासाठी". दारूबंदीची पत्रकं, तेंदूपत्त्याच्या मजुरीची पत्रकं, जळाऊ लाकडाच्या मोळ्या अडवणाऱ्या जंगलखात्याच्या नाकेदाराविरुद्धची पत्रकं. मजुरांच्या संघटनेतले लोक सायकलीवर मजकूर घेऊन यायचे, बाबा एकेक खिळा जुळवायचे आणि मी शेजारी बसून उलटी अक्षरं सुलटी वाचायचे. 'शोषण' हा शब्द मला 'शेळी'च्या आधी लिहिता येत होता. याचा मला तेव्हा गर्व होता.

मशीनवर चढवण्याआधी बाबा प्रत्येक मजकुराची दोन-तीन प्रूफं काढायचे. ती एका बाजूनं छापलेली, दुसऱ्या बाजूनं कोरी. तपासून झाली की ती माझी. वर्गातल्या इतर मुलींकडे गणिताची कच्ची वही असायची. माझ्याकडे सुतळीनं शिवलेला प्रूफांचा गठ्ठा. एका अंगाला मजुरांची एकजूट, दुसऱ्या अंगाला माझी चुकलेली गणितं.

छापलेल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असायची: मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता. कायदाच तसा आहे. बाबांना ती ओळ कायद्यापेक्षाही प्रिय होती. ती त्यांनी एकदाच जुळवून, दोऱ्यानं बांधून वेगळी ठेवली होती. प्रूफ तपासून झालं आणि मजकूर मशीनवर चढवायची वेळ आली की सगळ्यात शेवटी ती खाली बसवायची. म्हणजे प्रूफावर ती कधीच नसायची. हे मी रोज पाहत होते आणि त्याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

विचार करायला हवा होता, कारण आमच्या भागात बिननावाचे कागदही असायचे. एखाद्या सकाळी ते रस्त्याकडेच्या झाडावर डकवलेले दिसायचे. लोक सायकल न थांबवता वाचायचे, हात लावायचे नाहीत, आणि नंतर कोणी विचारलं तर आपल्याला वाचता येत नाही म्हणायचे. शाळेचे गुरुजीसुद्धा असंच म्हणायचे. ज्यांनी कागद लावला त्यांची भीती, आणि जे तो काढायला येणार त्यांचीही. आमचं गाव मुलचेऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या काठावर होतं, आणि त्या वर्षांत त्या रस्त्यावर दोन्हीकडचे लोक, जंगलातले बंदूकवाले आणि पोलीस, ये-जा करत. आम्ही मधले.

दहावीला दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर गणिताच्या सरांनी फळ्यावर लिहिलं: वर्गसमीकरणे. सर ब्रह्मपुरीकडचे होते आणि त्यांचा बदलीचा अर्ज कायम कुठल्या तरी कार्यालयात पडलेला असायचा. त्यांनी विचारलं, "वर्ग म्हणजे काय? कोण सांगते?"

माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

"समाजातला एकाच आर्थिक स्थितीतला गट, सर. कष्टकरी वर्ग, शोषक वर्ग. आणि त्यांचं समीकरण म्हणजे—"

सगळे हसले. माझ्या बाकावर बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली एक मुलगी बसायची, माझी त्या शाळेतली एकुलती एक मैत्रीण. तिनं माझी ओढणी खाली ओढली. "ए पागल, वर्ग म्हणजे स्क्वेअर!"

सर हसले नाहीत. त्यांनी आधी खिडकीकडं पाहिलं. बाहेर मैदानात शेळ्या चरत होत्या.

"खाली बस," ते म्हणाले. "एक्सले एक्सनं गुणलं की एक्सचा वर्ग. याच्याहून जास्त अर्थ इथी नाई. समजलं?"

"हो, सर."

"घरी जे छापतात ते घरी ठेवाचं."

मग त्यांनी डाव्या बाजूचं पद उजव्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं, असं सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, डाव्या बाजूचं तिले विचारा, तिच्या बाबाची बाजू होय ते!" पुन्हा हशा. मी रागानं लाल झाले. पण घरी जाताना मला आठवत राहिलं ते सरांचं खिडकीकडं पाहणं. मोठा माणूस माझ्या एका वाक्यानं घाबरला होता. तोपर्यंत मला वाटायचं, शब्द अन्याय करणाऱ्याला घाबरवतात. सरांनी कोणावर अन्याय केला होता?

वर्गसमीकरणं मला कधीच सोपी गेली नाहीत. अवयव पाडून सोडवायचं गणित असेल तर ज्यांचा गुणाकार अमुक आणि बेरीज तमुक अशा दोन संख्या शोधायच्या. त्या सापडेपर्यंत माझं अर्धं पान खोडून झालेलं असायचं. सूत्रानं सोडवताना निदान वाट ठरलेली होती. आधी विवेचक काढायचा, म्हणजे बी वर्ग वजा चार एसी. तो शून्यापेक्षा मोठा आला तर दोन मुळं. शून्य आला तर दोन्ही सारखी. आणि ऋण आला तर?

"ऋण आला तं लिहाचं, वास्तव मुळे नाहीत," सर म्हणाले. "अन् पुढं चला. तिथं बसून राहू नका."

"सर, ज्याला उत्तरच नाही ते गणित विचारतात कशाला?"

"काऊन नाई विचारत? लोक विचारतातच."

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. आमचं केंद्र पुढच्या मोठ्या गावात होतं, जंगलातल्या रस्त्यानं तासाभराचं अंतर. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी आणि माझी मैत्रीण काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन परतत होत्या. त्या आठवड्यात पुढच्या जंगलात काहीतरी घडलं होतं; काय घडलं ते कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण जीपमध्ये एरवी चालणाऱ्या गप्पा बंद होत्या. माझ्या मांडीवर प्रूफांचा गठ्ठा होता आणि मी ओठ हलवत सूत्र म्हणत होते.

वळणावर जीप थांबली. रस्त्यात आडवं लाकूड टाकलेलं होतं. सहा-सात पोलीस, आणि त्यांच्यात एक वयस्कर जमादार. त्यानं सगळ्यांना उतरवलं, पिशव्या पाहिल्या, माझं हॉल तिकीट पाहिलं. मग गठ्ठा हातात घेतला.

"हे काय होय?"

"गणित, साहेब. आज बीजगणिताचा पेपर आहे."

त्यानं पान उलटलं. तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांनी एकत्र यावं, असं मोठ्या टायपात लिहिलेलं. त्यानं ते सावकाश वाचलं, मग बोट पानाच्या तळाशी नेलं आणि तिथंच फिरवत राहिला.

"नाव कुठी हाय याच्यावर?"

तेव्हा मला कळलं मी काय घेऊन आले होते ते. एक-दोन नाही, पस्तीस-चाळीस बिननावाचे कागद. हे प्रूफ आहे, नाव शेवटी बसवतात, असं मी सांगू शकले असते. पण प्रूफ म्हटलं की छापखाना आला, छापखाना म्हटला की बाबा. त्या महिन्यात शेजारच्या गावातला एक माणूस पोलिसांनी फक्त विचारपूस करायला म्हणून नेला होता आणि तो अजून परतला नव्हता. नाव सांगितलं तर बाबांना नेतील. नाही सांगितलं तर मी लपवते आहे असं होईल, आणि मग नेतीलच.

"रद्दी आहे, साहेब," मी म्हणाले. "रफ करायला."

"कोणाची रद्दी?"

त्यानं पुन्हा पान उलटलं आणि माझं अक्षर मोठ्यानं वाचायला लागला. "वर्ग पूर्ण करण्यासाठी दोन्ही बाजूंत नऊ मिळवू." त्यानं वर पाहिलं. "कोणता वर्ग?"

"दहावा."

"तो नाई विचारून राह्यलो. वर्ग पूर्ण कराचा म्हणते हे. कोणता वर्ग? अन् दोन बाजू कोणत्या? नऊ कोण?"

एरवी मी आणि मैत्रीण यावर आठवडाभर हसलो असतो. तिनं मला वाचवायचा प्रयत्न केला. "साहेब, वो तो मॅथ्स है. एक डावी बाजू असते, एक उजवी—"

"डावी बाजू?" तो तिच्याकडं वळला. "तुले बी माहीत हाय डावी बाजू?"

ती रडायला लागली, आवाज न करता. जीपचा ड्रायव्हर दूर जाऊन उभा राहिला होता, जणू आम्हाला त्यानं आणलंच नव्हतं.

जमादारानं गठ्ठा जीपच्या बॉनेटवर ठेवला. "असं करू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जवळजवळ मायेचा झाला. "गणित होय म्हणते ना? मी सांगतो ते सोडव. एक्स वर्ग... अधिक..." त्यानं आमच्याकडं पाहिलं, माणसं मोजावीत तसं. "चार एक्स. अधिक सात. बरोबर शून्य. असंच असते ना ते? उत्तर आलं तं गणित. नाई आलं तं ते दुसरंच काही होय. मंग तुह्या घरच्यायले घेऊन ठाण्यात ये."

बॉनेट तापलेलं होतं. मी एक कोरी बाजू वर केली आणि लिहिलं. ए एक, बी चार, सी सात. बी वर्ग सोळा. चार एसी अठ्ठावीस. सोळा वजा अठ्ठावीस.

उणे बारा.

मी ते पुन्हा केलं. कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पुन्हा उणे बारा. जगातल्या इतक्या आकड्यांमधून त्यानं चार आणि सात उचलले होते, आणि त्याच्या गणिताला वास्तव मुळं नव्हती. सरांनी शिकवलेलं वाक्य मला येत होतं. परीक्षेत ते लिहून पूर्ण मार्क मिळाले असते. इथं तेच वाक्य मी बोलले असते तर त्याचा अर्थ झाला असता, उत्तर आलं नाही. तो बंदुकीच्या पट्ट्यात अंगठा अडकवून उभा होता आणि त्याला उत्तर हवं होतं.

आमच्या घरात खोटं छापत नसत. बाबांनी एकदा एक मोठं काम परत केलं होतं, कारण मजकुरात एक गोष्ट खोटी होती. मी त्यांची मुलगी. मी मनातल्या मनात सातचे तीन केले आणि खाली लिहिलं: एक्स बरोबर उणे एक किंवा उणे तीन.

"आलं?"

"आलं, साहेब."

"ए बीएस्सी!" त्यानं हाक मारली. "पाहाय बरं इकडं."

एक तरुण शिपाई पुढं आला. अंगावरचा गणवेश त्याला ढगळ होत होता. त्यानं कागद उचलला आणि आधी उत्तर वाचलं, मग प्रश्न, मग त्याची नजर कोपऱ्यात गेली, जिथं सोळा वजा अठ्ठावीस लिहिलेलं होतं आणि मी ते खोडायला विसरले होते.

मग त्याचा अंगठा सरकला आणि त्या कोपऱ्यावर बसला.

"बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "उणे एक, उणे तीन."

जमादारानं मान हलवली, जरा निराशेनंच. "जा. पेपर देऊन ये. कागद इथी राहू दे."

पेपर मी कसा लिहिला ते आठवत नाही. वर्गसमीकरणं आली असणारच. इतकंच आठवतं की वजाचं चिन्ह काढताना पेनाचं टोक कागदात घुसत होतं आणि पर्यवेक्षक बाई दोनदा विचारून गेल्या, "काय वो, तब्येत बरी नाई काय?"

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातले खिळे खाली ठेवले. "प्रूफं? किती?"

"सगळी."

आई चुलीपासून उठून आली. "किती वेळा सांगतलं मी! जाळून टाका ते कागद, नाई तं एक दिवस ते आपल्याले जाळतीन. ऐकते कोण?"

"मी उद्या जातो ठाण्यात," बाबा म्हणाले.

"स्वतःहून? वाघ तोंड उघडून बसला हाय तं तुम्ही आंघोळ करून जाता काय त्याच्यात?"

"नाव नसलेला कागद त्यायच्याजवळ राहिला तं उद्या कोणाचंही नाव घालता येते त्याच्याखाली. माझं मी घालून येतो."

मग मी खोट्या उत्तराचं सांगितलं. प्रूफांच्या बातमीनं त्यांचा चेहरा बदलला नव्हता, तो आता बदलला.

"येत असून चुकीचं लिहिलं?"

"तो उत्तर मागत होता, बाबा."

"उत्तर नाई हेच उत्तर होतं म्हणते ना तू? मंग तेच लिहाचं." ते थोडा वेळ शाईच्या बोटांकडं पाहत राहिले. "तू बी चाल उद्या. कालचं चुकलं म्हणून सांगू त्याले. ज्या कागदावर एक खोटं हाय, त्याच्यावरचं बाकीचं खरं कोण मानन?"

मला ते पटलं. मी असल्याच वाक्यांवर वाढले होते. त्या शिपायाबद्दल मी बाबांना काहीच सांगितलं नाही. लपवलं असं नाही. मला तो सांगण्यासारखा वाटलाच नाही. तो त्यांच्यातला होता, आणि आमच्या पत्रकांत त्यांच्यातल्या माणसांना वेगवेगळे चेहरे नसायचे. मी त्याला रात्रीपर्यंत विसरूनही गेले होते. मला फक्त बाबांची भीती वाटत होती, म्हणजे बाबांसाठी.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. सकाळी नऊला आम्ही ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसलो. बाबांच्या पिशवीत त्याच पत्रकाची छापील प्रत होती, तळाशी नाव असलेली. दहा वाजले, अकरा वाजले. आत माणसं जात होती आणि त्यातली सगळी बाहेर येत होती की नाही, हे मी मोजायचा प्रयत्न करत होते. बाबा एकदाच बोलले. "भूमितीचं पुस्तक आणाचं होतं. वेळ वाया चालला तुझा."

दुपारी आत बोलावलं. जमादार टेबलामागं बसला होता आणि माझा गठ्ठा त्याच्यापुढं. बाबांनी छापील प्रत शेजारी ठेवली. प्रूफ म्हणजे काय, ओळ शेवटी कशी बसवतात, दोन्हीतली अक्षरं कशी एकाच साच्याची आहेत, हे सगळं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.

"म्हणजे हे तुह्यंच होय," जमादार म्हणाला.

"माझंच. संघटना उघडी हाय, कागद उघडा हाय. पेन द्या, याच्यावर बी लिहून देतो." आणि त्यांनी खरंच लिहिलं. प्रत्येक प्रूफाच्या तळाशी, हातानं, नाव आणि पत्ता. पस्तीस-चाळीस वेळा. जमादार आधी वैतागून आणि मग जरा गमतीनं पाहत राहिला. मला वाटत होतं की बाबा स्वतःच्या हातानं स्वतःला त्यांच्या स्वाधीन करत आहेत, एकेका कागदानं.

शेवटचा कागद झाल्यावर त्यांनी पेन ठेवला. "पोरगीले एक सांगाचं हाय तुम्हाले. काल तिनं जे गणित सोडवलं—"

कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी नोंदवहीत लिहीत होतं. त्या लिहिण्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. तोच शिपाई. ढगळ गणवेश, हातात पेन, आणि चेहऱ्यावर माझ्या ओळखीचं काहीतरी. आदल्या दिवशी जीपच्या पुढच्या काचेत मी माझा घाबरलेला चेहरा पाहिला होता. तसाच तो दिसत होता.

तेव्हा कुठं मला सगळं एकदम समजलं. मी चुकीचं लिहिलं होतं, पण बरोबर म्हणाला होता तो. त्यानं आपल्या साहेबाला सगळ्यांसमोर खोटं सांगितलं होतं, बिननावाचे कागद बाळगणाऱ्या मुलीसाठी. मी आता खरं बोलले असते तर माझं चुकलेलं गणित एवढंच झालं असतं. त्याचं काय झालं असतं? तो कोणत्या बाजूचा, असं विचारलं गेलं असतं. त्याच खोलीत, कदाचित त्याच खुर्चीवरून.

"काय वो?" जमादार म्हणाला. "काय सांगाचं हाय?"

बाबा माझ्याकडं पाहत होते. सरळ, वाट पाहत.

"कालचं उत्तर, साहेब," मी म्हणाले. "मी घरी पुन्हा करून पाहिलं."

"मंग?"

"बरोबर आहे."

जमादार हसला. "मंग त्यात सांगाचं काय? आमच्या बीएस्सीनं कालच सांगितलं होतं." त्यानं गठ्ठा कपाटात टाकला आणि बाबांना बजावलं की इथून पुढं प्रत्येक पत्रकाची एक प्रत ठाण्यात आणून द्यायची. बाबांनी हो म्हटलं. कोपऱ्यातलं लिहिणं पुन्हा सुरू झालं. मी तिकडं पाहिलं नाही.

रस्त्यानं बाबा सायकल हातात धरून चालत होते, मी दुसऱ्या बाजूनं. त्यांच्या गप्प बसण्याची मला जितकी भीती वाटली तितकी जमादाराचीही वाटली नव्हती. नाल्यावरचा पूल ओलांडल्यावर मी त्यांना त्या शिपायाचं सांगितलं. कोपऱ्यातल्या उणे बाराचं, त्यावर ठेवलेल्या अंगठ्याचं.

बाबा थांबले. मागं ठाण्याकडं नाही, पुढं रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आईले सांगू नको हे," ते म्हणाले. "कोणालेच नको. तुह्या मैत्रिणीनं पाहिलं काय?"

"ती रडत होती. माहीत नाही."

"तिले विचारू बी नको."

मागून जीपचा आवाज आला. आम्ही दोघंही एकदम रस्त्याच्या खाली उतरलो, सायकलीसकट, आणि गवतात उभे राहिलो. जीप जवळ येऊन हळू झाली. काळी-पिवळी होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "येता काय भाऊ? जागा हाय."

बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. ती वळणाआड गेल्यावरही आम्ही बराच वेळ तिथंच उभे होतो.